फ्रंट व्हील ड्राइव्ह डस्टर चारही चाकांवर : साताऱ्यातील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत एक मध्यम आकाराचे गॅरेज आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह रेनो डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह करून घेण्याची ज्यांना इच्छा असते, त्यांच्या गाडीची फी घेऊन तपासणी करणे, कामाचे लेखी अंदाजपत्रक देणे आणि असे रूपांतर पूर्ण केलेली स्वतःची गाडी गिऱ्हाइकाला चालवून पाहू देणे, अशी सेवा तेथे मिळते. या लेखात गॅरेजचे नाव दिलेले नाही, कारण तशी मालकांचीच विनंती आहे. हे काम कायद्याच्या दृष्टीने नाजूक आहे आणि हौशी मंडळींची गर्दी त्यांना दारात नको आहे. साताऱ्यात ज्यांच्याकडे डस्टर आहे, त्यांना विचारपूस करून हे ठिकाण सापडेल.

माझी गाडी 110 अश्वशक्तीची डिझेल डस्टर आहे, सहा गिअरची आणि अर्थातच पुढच्या चाकांवर चालणारी. जावळी तालुक्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर तिथवर तांबड्या मातीची पाणंद जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती पाणंद पायी चालणाऱ्यालाही सरळ उभे राहू देत नाही. गाडी उभ्या चढाला लागली की वजन मागच्या चाकांकडे सरकते आणि ओढण्याचे काम ज्यांच्याकडे आहे ती पुढची चाके नेमकी त्याच वेळी हलकी होतात. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असल्यामुळे, सपाटीवर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भाराने घट्ट चालणारी हीच चाके ओल्या चढावर जागच्या जागी फिरू लागतात. मागच्या दोन चाकांवर भरपूर वजन असते, पण त्यांना ओढच नसते. ही ओढ मागे नेता येईल का, एवढाच प्रश्न घेऊन मी तेथे गेलो.

सातारा-सांगलीकडच्या मेस्त्रींना फोर व्हील ड्राइव्ह नवे नाही. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपगाड्यांवर हात बसलेली पिढी अजून कामावर आहे, आणि टू व्हील ड्राइव्ह जीपला पुढचा एक्सल व ओढ पुढे-मागे वाटणारी ट्रान्स्फर केस चढवणे त्यांना अवघड वाटत नाही. मात्र त्या गाड्यांची घडणच निराळी असते. इंजिन लांबीच्या दिशेने बसलेले, त्यामागे गिअरबॉक्स, तेथून मागच्या हाउसिंगपर्यंत शाफ्ट गेलेलाच, आणि खाली जाड पोलादी चेसी, तिच्यावर हवा तेथे ब्रॅकेट बसवता येतो. डस्टरमध्ये इंजिन आडवे असते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणारा गिअरसंच) एकाच खोक्यात पुढच्या बाजूला असतात, आणि मागे फक्त लोळणारी दोन चाके. वेगळी चेसी नसून बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. जीपचा अनुभव येथे फार उपयोगी पडत नाही, हे या गॅरेजच्या मालकांना नीट ठाऊक आहे आणि ते गिऱ्हाइकालाही पहिल्याच भेटीत सांगतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण अन्यत्र चौकशी केली तेव्हा ‘दोन शाफ्ट आणि एक गिअरबॉक्स, झाले काम’ अशा थाटाची उत्तरे मिळाली होती.

तपासणीची सुरुवात त्यांनी बॉनेट उघडून केली नाही. गाडी लिफ्टवर चढवली आणि मला मागच्या बंपरखाली नेऊन उभे केले. फ्रंट व्हील ड्राइव्ह डस्टरचे स्टेपनीचे चाक बुडाखाली, बाहेरच्या बाजूला पाळण्यात टांगलेले असते. त्याच्या पुढे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी टॉर्शन बीम, म्हणजे एकसंध आडवी तुळई आहे, आणि तिच्या पुढे डिझेलची टाकी. मागचे डिफरन्शियल जेथे यायला हवे तेथे तुळई आहे आणि शाफ्टच्या वाटेवर टाकी. कंपनीने 2014 मध्ये आणलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्ये ही तुळई नाही. तेथे प्रत्येक चाकाला स्वतंत्र, अनेक दांड्यांचे सस्पेन्शन आहे, स्टेपनी बुडाखालून काढून डिकीच्या तळाशी ठेवली आहे, आणि त्यामुळे डिकीतील जागाही कमी झाली आहे. गॅरेजमधले वयस्कर मेस्त्री, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, हातातल्या पान्याने स्टेपनीच्या वरचा पत्रा ठोकत म्हणाले, “गिअरबॉक्सचं काय न्हाय साहेब, दोन दिवसांत उतरवून चढवतो. ह्या बुडाचं काय करायचं ते बोला.”

माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार त्या एका वाक्यात आहे. ऑल व्हील ड्राइव्हचे रूपांतर हे गिअरचे काम आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम आहे. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये घाटात उलटलेल्या, छत चेपलेल्या एका ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरचे सुटे भाग जमिनीवर मांडून ठेवले आहेत. गिऱ्हाइकाच्या गाडीखालून निघणारा प्रत्येक भाग आणि त्याच्या जागी बसणारा भाग असे शेजारी शेजारी दाखवतात. मागचे डिफरन्शियल, त्याच्या तोंडाशी बसणारा, हवी तेव्हा मागे ओढ जोडणाऱ्या विद्युतचुंबकीय कपलिंगचा डबा, दोन तुकड्यांचा लांब शाफ्ट आणि त्याचे मधले बेअरिंग, मागचे दोन हाफ शाफ्ट, शाफ्ट आत घेऊ शकतील असे वेगळे हब, सस्पेन्शनच्या दांड्या, त्या टांगण्याची चौकट म्हणजे सबफ्रेम, टाकी आणि तिची नळी, सायलेन्सरचा मागचा भाग. हा पसारा डोळ्यांसमोर आला की खर्चाचा अंदाज सांगण्याची गरजच उरत नाही. सबफ्रेम ज्या बोल्टांवर टांगायची, ती ठिकाणे फ्रंट व्हील ड्राइव्हच्या बुडात तयार नसल्यामुळे दात्या गाडीचे, म्हणजे जिचे सुटे भाग वापरायचे त्या ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरचे, मागचे बूड कापून आपल्या गाडीत सांधावे लागते. युरोपातील हौशी लोक फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीच्या गाड्यांना मागे ओढ देताना हेच करतात. तेव्हा ही सातारी युक्ती आहे असे नव्हे, या रचनेच्या गाड्यांना दुसरा धड मार्ग नाही.

पुढच्या बाजूचे काम तुलनेने सुटसुटीत आहे. डस्टरच्या दोन्ही प्रकारांत इंजिन एकच असल्याने दात्या गाडीचा पूर्ण गिअरबॉक्स, त्याला जोडलेल्या काटकोनी गिअरच्या ट्रान्स्फर युनिटसह, उचलून बसवता येतो. येथे मालकांनी एक मुद्दा नीट समजावून सांगितला, जो कित्येक जाणकार म्हणवणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. पुढच्या चाकांपर्यंत पोचणारे एकूण गिअर-प्रमाण आणि मागच्या चाकांपर्यंत पोचणारे प्रमाण तंतोतंत जुळलेले असावे लागते. एका गाडीचा गिअरबॉक्स आणि दुसऱ्याच गाडीचे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरजोडी) अशी मोट बांधली, तर पुढची व मागची चाके सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, मधले कपलिंग सतत घसरत राहून तापते आणि शेवटी जळते. म्हणून सगळा संच एकाच गाडीचा असावा, अन्यथा हात लावू नये, असा त्यांचा दंडक आहे. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. दोन नवे, दोन जुने ही आपल्याकडची काटकसर ऑल व्हील ड्राइव्हला चालत नाही.

विजेच्या जोडणीबाबत मात्र त्यांचे उत्तर मला अपुरे वाटले. कपलिंगला किती घट्ट व्हायचे हे एक नियंत्रक ठरवतो, आणि चाकांची गती, अॅक्सिलरेटरची स्थिती, स्टिअरिंगचा कोन ही माहिती त्याला गाडीच्या अंतर्गत जाळ्यावरून मिळावी लागते. मूळ गाडीचे एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारे) युनिट ही माहिती त्याला हव्या त्या स्वरूपात देत नसेल, तर कपलिंग सैलच राहते आणि मागे नेलेली सगळी यंत्रणा निव्वळ ओझे ठरते. दात्या गाडीचे एबीएस युनिट, वायरिंग आणि ड्राइव्हचा प्रकार निवडायची डॅशबोर्डवरची फिरकी आणून संगणकाने नव्याने जुळवणी करावी लागते, हे ते मान्य करतात. पण त्यांच्या स्वतःच्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा पेटलेलाच होता आणि ‘तो नुसता दिवा आहे’ असे सांगून विषय बदलण्यात आला. एबीएसचा दिवा नुसता कधीच नसतो. ज्या गाडीचे मागचे बूड, हब आणि ब्रेकच्या नळ्या बदलल्या आहेत, तिच्यात तर मुळीच नाही.

आता त्या गाडीविषयी. ती रस्त्यावर आणत नाहीत. मालकांच्या नातेवाइकांच्या माळावर, कुंपणाच्या आतच चालवतात, आणि गिऱ्हाइकाला तेथे नेतात. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मुरमाचा निसरडा चढ, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि वर ओल्या गवताचा पट्टा. फिरकी टू व्हील ड्राइव्हवर ठेवून गाडी चढावर घातली तेव्हा अर्ध्या वाटेत पुढची चाके फिरू लागली आणि गाडी नाक आडवे करत थांबली. तेथेच, मागे न घेता, फिरकी लॉकवर, म्हणजे मागची चाकेही जोडणाऱ्या स्थितीत, नेली आणि क्लच सोडला. क्षणभर काही झाले नाही, मग बुडाखालून ‘टक्’ असा आवाज आला, मागून कोणी खांदा लावावा तशी गाडी उचलली गेली आणि इंजिनाचा आवाजही न वाढवता वर पोचली. हा अनुभव विलक्षण आहे, हे मान्य करायलाच हवे.

तरीही या यशातील बराच वाटा मागच्या चाकांचा नसून पहिल्या गिअरचा आहे, असे माझे मत झाले. ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर मुद्दाम फार आखूड ठेवलेला आहे. इंजिनाच्या मिनिटाला 1000 फेऱ्या असताना गाडी ताशी सहा किलोमीटरच्याही आत राहते. माझ्या गाडीत कमी फेऱ्यांवर टर्बो जागा होईपर्यंत इंजिनात जोर नसतो, म्हणून चढावर क्लच अर्धवट दाबून फेऱ्या वाढवाव्या लागतात, चाकांना झटका बसतो आणि पकड तेथेच सुटते. आखूड गिअरमुळे ही सगळी झटापट टळते आणि गाडी मुंगीच्या पावलाने, पण न थांबता चढते. तात्यांना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि क्लच प्लेट जळून येणाऱ्या डस्टर बहुतेक घाटमाथ्यावरच्याच असतात, अशी पुस्ती जोडली.

उतारावर ऑल व्हील ड्राइव्हचा ब्रेकसाठी काही उपयोग होत नाही, हेही याच माळावर दिसले. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. यवतेश्वरच्या घाटातून पावसात खाली उतरताना ‘आपली गाडी फोर बाय फोर आहे’ या भरवशावर जे वेग वाढवतात, त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे. इंजिनाचा अटकाव तेवढा चारही चाकांवर वाटला जातो आणि आखूड पहिल्या गिअरमुळे तो चांगला मिळतो, एवढाच लाभ.

त्या गाडीतील उणिवाही नोंदवतो. वेग थोडा वाढला की मधल्या बेअरिंगच्या जागी घुमल्यासारखी थरथर येते. शाफ्टच्या सांध्यांचे कोन किंवा बॅलन्सिंग यांपैकी काही तरी चुकले आहे. डिकीतील गालिचा उचलून पाहिला, तेव्हा सांधलेल्या बुडाची वेल्डिंग वरून घासून रंगवलेली होती, पण खालच्या बाजूला सीलंटचा पत्ता नव्हता आणि तांबड्या चिखलाखाली गंज धरू लागला होता. सांधा कोठे आणि कसा घेतला, लांबीच्या दिशेचे तळातले भक्कम पाट पूर्ण जोडले का, मागून धडक बसल्यास टाकीचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे अनुभवाच्या भाषेत मिळाली, मोजमापाच्या भाषेत नाही. कारखान्यात बॉडीच्या चाचण्या होतात. गॅरेजमध्ये सांधलेल्या बॉडीची चाचणी पहिल्या अपघातातच होते. कुटुंबाला घेऊन अशा गाडीतून मी महामार्गावर जाणार नाही.

कायद्याचा भाग त्यांनी न विचारता पुढे ठेवला, हे या गॅरेजचे मोठेपण. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी किटसाठी मान्यतेची वाट आहे. बूड कापून डिफरन्शियल बसवलेली गाडी घेऊन एमएच 11 च्या, म्हणजे साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात उभे राहण्याला काही अर्थ नाही. विम्याचा दावाही अशा गाडीवर टिकणे कठीण. म्हणून अंदाजपत्रकाच्या माथ्यावरच ‘फक्त खासगी जागेतील वापरासाठी’ असे छापलेले असते आणि रस्त्यावर चालवण्यासाठी हे काम करून द्या म्हणणाऱ्याला ते चक्क नकार देतात. मला तोच नकार मिळाला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अंदाजपत्रक तरीही पूर्ण करून दिले. दात्या गाडीचा संच, बॉडीचे काम, सस्पेन्शन, वायरिंग आणि मजुरी मिळून आकडा चार लाखांच्या आसपास गेला, आणि त्यात टायर धरलेले नव्हते. जुन्या बाजारात माझ्यासारखी गाडी आणि तेवढीच चाललेली, कंपनीतूनच ऑल व्हील ड्राइव्ह आलेली डस्टर यांच्या किमतीतील फरक याच्या निम्माही नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. नवीन घ्यायची ऐपत असणाऱ्यांसाठी 2022 पासून मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांत कारखान्यातूनच ऑल व्हील ड्राइव्ह मिळू लागले. त्यात रुतलेल्या जागी खेचून काढण्याची ताकद जीपइतकी नसली, तरी ओल्या पाणंदीला ती पुरेशी आहे.

सेवेविषयी तक्रारी दोन. तपासणी सकाळी सुरू करू असे सांगून प्रत्यक्ष लिफ्ट दुपारनंतर रिकामी झाली, आणि तोवर बसायला सावलीत एक बाकडेही नव्हते. दुसरे असे की अंदाजपत्रकात सुट्या भागांची किंमत एकगठ्ठा दिली जाते. कपलिंगचे किती आणि सस्पेन्शनचे किती, हे वेगळे मागूनही मिळाले नाही. जुन्या संचाची किंमत ठरलेली नसते हे समजू शकते, पण अंदाज तरी फोडून द्यायला हवा. याउलट तपासणीत माझ्या गाडीचे पुढच्या दोन सीव्ही जॉइंटचे (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे) रबर फाटल्याचे निघाले, ते त्यांनी आपणहून दाखवले आणि कोणतीही भीती न घालता बदलून दिले.

शेवटी त्यांच्याच सल्ल्याने मी 215/65 आर 16 या मूळ मापाचेच पण खोल नक्षीचे ऑल टेरेन टायर बसवून घेतले आणि इंजिनाखाली जाड पत्र्याचे कव्हर लावले. टायर मापात असल्याने कायद्याचा प्रश्न येत नाही. पाणंदीचा मधला चढ आता बऱ्याच वेळा एका दमात निघतो. सलग पाऊस असेल तेव्हा गाडी खाली वडाच्या पारापाशी लावून चालत जावे लागते, आणि डांबरी रस्त्यावर टायरचा घूं घूं आवाज सोसावा लागतो. दरम्यान, एक जुनी ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर पाहण्यासाठी मालकांना सोबत येण्याची विनंती केली आहे आणि अशा खरेदीपूर्व तपासणीचेही ते वेगळे पैसे घेतात. त्यात मागचे कपलिंग घसरते का हे माळावरच तपासतात, डिफरन्शियलचे तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते पाहतात आणि चारही टायरची झीज मोजतात.

रूपांतराच्या कामासाठी या गॅरेजला पाचपैकी दोन गुण देईन, तपासणी आणि सल्ल्यासाठी साडेचार. तपासणीची फी दोन हजार रुपये आहे आणि नंतर तेथेच काही काम करून घेतल्यास ती बिलातून वजा होते. जूनपासून पुढे लिफ्ट मोकळी मिळणे कठीण असते, तेव्हा जाणार असाल तर उन्हाळ्यात जावे, आदल्या दिवशी फोन करावा आणि गाडीची टाकी भरून नेऊ नये, कारण ती उतरवून दाखवतात.